पेन ड्राइव्ह लागंना झालाय? आधी करंट बघा, मग विंडोज

"सर, पेन ड्राइव्ह लागंना झालाय बघा."

असं म्हणत कुणी दुकानात आलं की मी विचारतो, लागंना म्हणजे नेमकं काय होतंय? लाइट पेटतो का? 'टुडुंग' आवाज येतो का? पडद्याच्या कोपऱ्यात काही उमटतं का? बहुतेकांना सांगता येत नाही. पेन ड्राइव्ह घातला, उघडला नाही, काढून फुंकर मारली, परत घातला, आणि शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून विंडोज नवीन टाकून घेतलं, इथवर गोष्ट आलेली असते. पोर्ट, म्हणजे पेन ड्राइव्ह घालायची खाच, मात्र मुकं ते मुकंच. वर टॅलीचा डेटा गेला तो गेलाच.

बेळगाव-खानापूर पट्ट्यात मी जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो, आणि इथलं जुनं म्हणजे खरोखर जुनं. शहापूरच्या छापखान्यात अजून विंडोज एक्सपी चालते, कारण पानं जुळवायचं पेजमेकर आणि मराठी-कन्नड फॉन्टचं सॉफ्टवेअर त्याच मशिनवर बसलंय. वडगावात मागवाल्याच्या घरी बिलांसाठी ठेवलेलं मशिन, निपाणीत तंबाखूच्या वखारीत वजनाच्या पावत्या काढणारं मशिन, खानापूरच्या पलीकडे एखाद्या शाळेतले दान मिळालेले डबे. "नवीन घ्या की" असं म्हणणं सोपं आहे. पण ज्या कामासाठी ते मशिन ठेवलंय, ते काम नव्यावर चालत नाही म्हणून तर ते ठेवलंय.

मागच्या लग्नसराईत असंच एक मशिन आलं. छापखान्यातलं, विंडोज ७ चं. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर उघडत नाही अशी पेन ड्राइव्हसारखी किल्ली, ओळखेना, म्हणून पत्रिकांचं काम अडलेलं. सोबत आलेला ऑपरेटर कन्नड बोलणारा. डोंगलच्या लाल ठिपक्याकडे बोट दाखवून मला सांगतो, "करंट ऐत्री सर." म्हणजे करंट आहे, मग बाकी सगळं ठीकच असणार. चूक इथंच होते. या मशिनकडे आपण परत येऊ.

पोर्टात घातल्यावर काय काय घडतं

यूएसबीची पिन नीट पाहा. आत चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन, करंट आणि ग्राउंडच्या, थोड्या लांब असतात. मधल्या दोन, माहिती नेणाऱ्या, आखूड. त्यामुळे घालताना आधी ५ व्होल्ट पोहोचतात आणि मग माहितीच्या तारा जोडल्या जातात. मग उपकरण त्यातली एक तार दीड किलोओहमच्या रेझिस्टरमधून वर ओढून धरतं. त्यावरून कॉम्प्युटरला कळतं की दारात कुणीतरी आलंय. तो विचारतो, तू कोण? उपकरण आपली ओळख सांगतं. मग विंडोज त्या ओळखीला जुळणारा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम, शोधतं. पेन ड्राइव्ह असेल तर शेवटी त्याला ई, एफ, जी असं एखादं अक्षर मिळतं.

म्हणजे करंट, ओळख, ड्रायव्हर, अक्षर अशा चार पायऱ्या झाल्या. गाडी यातल्या कोणत्या पायरीवर अडली, एवढं कळलं की निम्मं काम झालं. लाइट पेटला याचा अर्थ फक्त पहिल्या पायरीवर थोडाफार करंट आला, इतकाच. एलईडीला दोन-चार मिलिअँपिअर पुरतात. तेवढ्या जोरावर ओळखपरेड होत नाही.

पहिली दहा मिनिटं: स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा

ते उपकरण आधी दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. हे सांगायला मलाच कसंतरी होतं, पण दहातले दोन-तीन रुग्ण इथंच निकालात निघतात. पोर्ट चांगलं असतं, पेन ड्राइव्हच मेलेला असतो. उलटही करा: दुसरीकडे हमखास चालणारा माउस या पोर्टात घाला. माउसच घ्या, कारण तो करंट कमी खातो आणि त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. माउस चालतो पण हार्ड डिस्क चालत नाही, असं झालं तर संशय करंटवर.

मग पुढचं पोर्ट सोडून मागचं वापरा. डेस्कटॉपमध्ये मागची पोर्टं थेट मदरबोर्डवर झाळलेली असतात. पुढची पोर्टं कॅबिनेटच्या बारीक वायरने बोर्डावरच्या पिनांना जोडलेली असतात. स्वस्त कॅबिनेटमध्ये ही वायर फारच यथातथा असते. मागे चालतं आणि पुढे चालत नाही, तर विंडोजला हात लावायचं कारणच नाही.

केबल बदला. चार्जिंगसाठी मिळणाऱ्या काही स्वस्त केबलांत माहितीच्या तारा नसतातच, फक्त चार्जिंगच्या असतात. अशा केबलने स्कॅनर किंवा फोन जोडून दिवसभर डोकं खाजवणारे मी पाहिलेत. प्रिंटरची केबल ५ मीटरपेक्षा लांब नको. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडून टेबलाच्या पलीकडे नेलेला प्रिंटर हा ऑफिसातला नेहमीचा प्रकार. मधले सगळे जोड काढून थेट लावून बघा.

आता एक टोटका, आणि तो खरंच चालतो. कॉम्प्युटर बंद करा, यूएसबीला लावलेलं सगळं काढा, भिंतीतली पिन काढा. लॅपटॉप असेल आणि बॅटरी निघण्यासारखी असेल तर तीही काढा. मग पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या, नंतर जोडून चालू करा. यामागे जादू नाही. कॉम्प्युटर 'बंद' असतानाही एसएमपीएसमधून, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायच्या डब्यातून, ५ व्होल्टची एक लाइन बोर्डाला चालूच असते, म्हणून तर बटण दाबल्यावर मशिन उठतं. अडकून बसलेला यूएसबी कंट्रोलर नुसतं शटडाउन करून सुटत नाही, तो करंट पूर्ण तुटल्यावर सुटतो. शिवाय पोर्टाजवळ एक छोटा फ्यूज असतो, जो तापला की रोध वाढवून करंट अडवतो आणि थंड झाला की परत सोडतो. त्यालाही थंड व्हायला वेळ मिळतो.

विंडोज १० असेल तर आणखी एक गोष्ट. त्यातला 'फास्ट स्टार्टअप' चालू असला की शटडाउन म्हणजे निम्मी झोपच असते. ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच बिघडलेली अवस्था परत उठते. रीस्टार्ट मात्र खरा असतो. म्हणून 'बंद करून चालू केलं' आणि 'रीस्टार्ट केलं' या दोन वेगळ्या गोष्टी समजा.

पोर्टाच्या आत बघा

मोबाइलची टॉर्च लावा आणि पोर्टात डोकावा. आत एक प्लास्टिकची जीभ दिसेल, तिच्यावर चार पितळी पट्ट्या. जीभ निळी असेल तर ते यूएसबी ३.० चं पोर्ट, आत आणखी पाच पट्ट्या.

वडगावच्या एका घरात मशिन मागाच्या खोलीलगत होतं. पुढच्या दोन्ही पोर्टांत सूत इतकं गच्च बसलेलं की पिन पूर्ण आत जातच नव्हती. घालणाऱ्याला वाटायचं गेली, पण एखादा मिलिमीटर बाहेरच राहायची. लांब पट्ट्या टेकायच्या, आखूड टेकायच्या नाहीत. म्हणून लाइट लागायचा, पण ओळख होत नव्हती. निपाणीच्या वखारीतली गत वेगळी. तिथली भुकटी बारीक आणि चिकट, ती पट्ट्यांवर थर धरते. आणि खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, भुकटीही नको आणि सूतही नको, पाऊस पुरतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद केलेली शाळेतली मशिनं जूनमध्ये उघडली नाहीत आणि थेट ऑगस्टात पाहिली, तर मागच्या पोर्टांच्या पत्र्यावर गंज आणि पट्ट्यांवर हिरवट डाग.

साफ करायचं ते भिंतीतली पिन काढून, मशिन पूर्ण बंद करून. सुई, टाचणी, केसांचा चाप आत घालू नका. लाकडी टूथपिकने सूत हलकेच ओढून काढा. मग रंगाच्या बारीक ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्यांवरून फिरवा. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि चिकट द्रव्यं असतात. रॉकेल आणि पेट्रोल तर नकोच. अर्धा तास वाळू द्या. नंतर एखादी जुनी, टाकाऊ केबल पंधरा-वीस वेळा घाला-काढा, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर घासून स्वच्छ होतात. तोंडाने फुंकर मारण्याची सवय सोडा. फुंकरीबरोबर थुंकीचा ओलावा आत जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तोच हिरवा होतो. ब्लोअर वापरलात तर आतला पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

जीभ तुटलेली किंवा पट्ट्या वाकून एकमेकींना टेकलेल्या दिसल्या तर ते पोर्ट तिथंच सोडा. करंटची पट्टी पत्र्याला टेकली की पूर्ण मशिन अडतं. काही बोर्डांवर चालू करताच इंग्रजीत 'यूएसबी डिव्हाइस ओव्हर करंट स्टेटस डिटेक्टेड' अशी ओळ येते आणि १५ सेकंदांत मशिन बंद होतं. लोकांना वाटतं, बोर्ड गेला. खरं तर पुढच्या पोर्टाची वायर बोर्डावरून काढली की मशिन निमूट चालू होतं.

करंट मोजायचा कसा

इथे थोडा वेळ काढू, कारण जुन्या मशिनमधले सर्वांत जास्त घोळ याच पायरीवर असतात आणि याच पायरीकडे कुणी बघत नाही.

२.० च्या पोर्टाने ५०० मिलिअँपिअर द्यायला हवेत, ३.० च्या पोर्टाने ९००. व्होल्टेज ४.७५ ते ५.२५ मध्ये हवं. नुसतं रिकामं पोर्ट मोजलं तर ५ व्होल्ट दिसतातच. उपाशीपोटी सगळेच तंदुरुस्त दिसतात. मोजायचं ते भार देऊन.

माझी पद्धत अशी. एक स्वस्त एक्स्टेन्शन केबल घ्या. मधोमध बाहेरचं आवरण ब्लेडने तीन इंच चिरा. आत लाल, काळी, पांढरी, हिरवी अशा चार तारा दिसतील: लाल ५ व्होल्ट, काळी ग्राउंड, मधल्या दोन माहितीच्या. स्वस्त केबलांत रंग चुकीचेही असतात, म्हणून आधी मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर, म्हणजे तार सलग आहे का ते दाखवणाऱ्या खुणेवर, टोकाशी ताडून घ्या. मग लाल तारेचं आवरण एका जागी आणि काळीचं त्यापासून दोन इंच लांब दुसऱ्या जागी, जेमतेम मीटरचं टोक टेकेल इतकंच सोला. दोन्ही शेजारी सोलल्या तर हात हलला की शॉर्ट. आता केबल पोर्टात, केबलच्या टोकाला ती हार्ड डिस्क किंवा डोंगल, मीटर २० व्होल्ट डीसीवर, आणि वाचा.

छापखान्याच्या मशिनचं असं मोजलं. मागे वर-खाली अशा जोड्यांनी चार पोर्टं होती. एका जोडीत रिकाम्या अवस्थेत ५.०४. डोंगल लावताच ४.३ च्या खाली, आणि आकडा थरथरत. दुसऱ्या जोडीत डोंगल लावूनही ५.० ला हलत नव्हतं. म्हणजे एसएमपीएस ठीक, कारण तो बिघडला असता तर चारही पोर्टं रडली असती. दोष त्या एका जोडीचा, म्हणजे त्या जोडीला मिळून असलेल्या फ्यूजचा. कधीतरी शॉर्ट होऊन तो तापला होता आणि पुरता सावरलाच नव्हता. मग डोंगल त्याच जोडीत का लावलेलं? कारण चांगल्या जोडीत कीबोर्ड आणि माउस. ऑपरेटरने ती कधी हलवलीच नव्हती.

सगळ्याच पोर्टांवर व्होल्टेज पडत असेल तर कॅबिनेट उघडा आणि कपॅसिटर, म्हणजे बोर्डावरचे छोटे उभे डबे, बघा. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांवर आणि एसएमपीएसमध्ये हे डबे फुगण्याचा रोगच होता. डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल किंवा वर तपकिरी रस दिसत असेल तर आधी दुसरा, चालू एसएमपीएस लावून बघा. एसएमपीएस स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही त्यात जीवघेणा करंट साठलेला असतो.

लॅपटॉपवर पोर्टेबल हार्ड डिस्क 'टिक टिक' करते आणि उठत नाही, तेव्हा तिला सुरुवातीची फिरकी घ्यायला करंट पुरत नाही एवढंच. दोन पिनांची वाय केबल किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब, म्हणजे एका पोर्टाची अनेक पोर्टं करणारी डबी, घ्या. अडॅप्टर नसलेला हब म्हणजे एका ताटात चौघांना जेवायला बसवणं.

अर्थिंग

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात? "जरा मारतंय, सवय झालीय" असं अनेक जण सांगतात. सवय माणसाला होते, पोर्टाला होत नाही. एसएमपीएसमध्ये गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून कॅबिनेटला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. तिसरी पिन खरोखर जमिनीला जोडलेली नसेल तर कॅबिनेटवर मेन्सच्या साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. त्यातला करंट अगदी थोडा, माणूस मरत नाही, पण चालू मशिनला दुसऱ्या स्विचबोर्डावरचा प्रिंटर जोडताना ठिणगी पडते आणि ती माहितीच्या तारेतून गेली तर पोर्ट किंवा प्रिंटर, एकाचा बळी जातो.

जुन्या गल्ल्यांतल्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण वरच्या भोकामागे तारच नसते. वायरमनला बोलावून तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त येऊ नयेत. तोवर कॉम्प्युटर, मॉनिटर, प्रिंटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर ठेवा आणि प्रिंटरची यूएसबी केबल दोन्ही बंद असतानाच जोडा.

कॅबिनेटच्या आतलं जोडकाम

पुढची पोर्टं मेली असतील तर त्यांची वायर बोर्डावर जिथे बसते तिथे बघा. पाच-पाचच्या दोन ओळी, त्यात एक पिन गायब, म्हणजे एकूण ९. वायर सैल असते किंवा उंदराने कुरतडलेली असते. खूप जुन्या कॅबिनेटमध्ये एकसंध प्लग नसून सुट्या तारा असतात. कुणीतरी साफसफाई करताना त्या काढून अंदाजाने परत लावतो आणि ५ व्होल्ट उलटे जातात. पुढे लावलेला प्रत्येक पेन ड्राइव्ह गरम होऊन मरत असेल तर हेच झालंय असं समजा आणि ती वायर तत्काळ काढा.

आणखी एक सापळा: काही जुन्या बोर्डांवर शेजारीच फायरवायरचा, म्हणजे १३९४ चा, दिसायला अगदी तसाच ९ पिनांचा जोड असतो. त्यावर १२ व्होल्ट असू शकतात. यूएसबीची वायर तिथे लावली की पेन ड्राइव्हची चिता. बोर्डावर छापलेली अक्षरं वाचल्याशिवाय काही लावू नका.

ओळख पटते, पण काम होत नाही

करंट ठीक, आवाज येतो, आणि तरी उपकरण चालत नाही. आता विंडोज उघडू. 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, 'मॅनेज', मग 'डिव्हाइस मॅनेजर'. पिवळ्या त्रिकोणावर डबल क्लिक केलं की कोड दिसतो. 'कोड ४३' किंवा 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' म्हणजे गाडी ओळखीच्या पायरीवरच अडलेली; ड्रायव्हर शोधत बसू नका, केबल, पोर्ट, करंट यांकडे परत जा. 'कोड २८' म्हणजे ड्रायव्हरच नाही. 'कोड २२' म्हणजे कुणीतरी बंद करून ठेवलंय, राइट क्लिक करून 'एनेबल' करा. 'कोड १०' म्हणजे ड्रायव्हर आहे पण सुरू होत नाही. तो काढून नव्याने टाका.

इंटरनेटवर सगळीकडे एक उपाय सापडेल: 'यूएसबी रूट हब' आणि 'होस्ट कंट्रोलर' सगळे अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. उपाय चांगला आहे, पण कीबोर्ड-माउसही यूएसबीचे असतील तर मधेच दोन्ही मरतात आणि तुम्ही पडद्याकडे बघत बसता. आधी फक्त ते पिवळं उपकरण काढा आणि रीस्टार्ट करा. भागलं नाही तर एकेक हब काढा. जुन्या मशिनला गोल पिनेचं, पीएस-२ चं भोक असतंच. त्याला लागणारा एक कीबोर्ड माझ्या पिशवीत कायम असतो. तोही नसेल तर पॉवरचं बटण एकदाच हलकेच दाबा, बहुधा विंडोज नीट बंद होतं, आणि परत उठताना हब स्वतःच नव्याने बसतात.

उपकरण थोडा वेळ चालून गायब होत असेल, तर कंट्रोल पॅनेलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज' उघडून 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक रूट हबच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्येही वीज वाचवण्यासाठी बंद करण्याच्या परवानगीची खूण असते, ती काढा. अंगठ्याच्या स्कॅनरवर मला याचा सर्वाधिक गुण आलाय. उतारा नाही तर दाखला काढायला रांग लागलेली असते, दोन माणसांमध्ये पाच मिनिटांचा खंड पडतो, तेवढ्यात पोर्ट झोपतं आणि स्कॅनर जागा होत नाही.

विंडोजच्या वयाचे प्रश्न

विंडोज ७ ला ३.० च्या पोर्टांचा ड्रायव्हर उपजत नाही. तो विंडोज ८ पासून आला. म्हणून ७ नव्याने टाकल्यावर निळी पोर्टं मुकी राहतात. काळ्या पोर्टातून किंवा सीडीवरून बोर्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर टाका. त्यासाठी मॉडेल नंबर बोर्डावरच छापलेला असतो. २०१५ नंतरच्या इंटेलच्या सहाव्या पिढीच्या बोर्डांवर ७ टाकायला गेलात तर काळी पोर्टंही चालत नाहीत, कारण आतला जुना कंट्रोलरच काढून टाकलाय. तिथे ड्रायव्हर आधीच घातलेली इन्स्टॉल डिस्क लागते.

एक्सपीवर 'दिस डिव्हाइस कॅन परफॉर्म फास्टर' असं येत असेल तर पोर्ट १.१ च्या गतीने चाललंय. ती गती १२ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक मेगाबाइट. ४ जीबीचा लग्नाचा व्हिडिओ टाकायला तासाहून जास्त. एक्सपीला निदान सर्व्हिस पॅक १ आणि चिपसेटचा ड्रायव्हर हवा.

आणि पेन ड्राइव्ह 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर एक्सपीला वेगळ्या अपडेटशिवाय तो वाचताच येत नाही. ती सरळ 'फॉरमॅट करू का?' असं विचारते. हो म्हणू नका. जुन्या आणि नव्या मशिनमध्ये फिरणारा पेन ड्राइव्ह 'फॅट ३२'मध्येच ठेवा. एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावणार नाही, तेवढं सोसा.

अक्षर मिळेना

डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतो, माय कॉम्प्युटरमध्ये नाही, असं झालं तर त्याच 'मॅनेज'मध्ये 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून दुसरं अक्षर द्या. कार्ड रीडर किंवा नेटवर्क ड्राइव्हने आधीच ते अक्षर धरलेलं असतं. माउस, प्रिंटर चालतात पण एकही पेन ड्राइव्ह चालत नाही, तर रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीच्या, 'सर्व्हिसेस'मध्ये 'यूएसबीस्टोर'चा 'स्टार्ट' आकडा बघा: ३ हवा, ४ असेल तर बंद केलेला. पण ऑफिसचं मशिन असेल तर आधी साहेबांना विचारा. तो आकडा कुणीतरी मुद्दाम ४ केलेला असू शकतो.

बायोस आणि लिनक्सची साक्ष

मशिनची तारीख रोज मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर २०३२ चा सेल बदला; सेल मेला की बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी मशिन उठवणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रामची, सेटिंग्ज पुसली जातात. बायोसमध्ये 'यूएसबी कंट्रोलर' आणि 'लेगसी यूएसबी सपोर्ट' चालू आहेत ना ते पाहा.

तरीही दोष पोर्टाचा की विंडोजचा ते ठरत नसेल तर लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमची, थेट चालणारी लाइव्ह डीव्हीडी घालून मशिन चालू करा. काही इन्स्टॉल करायचं नाही, डिस्कला हात लागत नाही. तिथे पेन ड्राइव्ह दिसला तर पोर्ट निर्दोष, आणि मगच विंडोज नव्याने टाकण्याचा विचार करा. मी हे शेवटी सांगतोय, पण मशिन समोर आल्यावर बऱ्याचदा हे दुसऱ्याच क्रमांकाला करतो.

पोर्ट खरंच मेलं असेल तर

लॅपटॉपमध्ये एका बाजूची पोर्टं बहुधा छोट्या वेगळ्या बोर्डावर असतात. तो बोर्ड आणि त्याची पट्टी बदलून मिळते, मदरबोर्ड बदला म्हणणाऱ्याचं लगेच ऐकू नका. डेस्कटॉपमध्ये पीसीआय किंवा पीसीआय एक्सप्रेसचं यूएसबी कार्ड बसतं. पण त्याआधी बोर्डावर ९ पिनांचा एखादा जोड रिकामा आहे का ते पाहा. बहुतेक बोर्डांवर असतोच. त्याला लागणारी ब्रॅकेट, म्हणजे पत्र्याच्या पट्टीवर बसवलेली दोन पोर्टं, कॅबिनेटच्या मागे कार्डाच्या जागी स्क्रूने बसते. तिला ड्रायव्हर लागत नाही. एक्सपीलाही ती चालते.

छापखान्याच्या मशिनला मी तीच बसवली. जुन्या भंगारातून काढलेली, ब्रशने साफ केलेली. भार देऊन मोजलं, ४.९८. डोंगल लावलं, 'टुडुंग' वाजलं, पेजमेकर उघडलं आणि अर्धवट राहिलेली पत्रिका पडद्यावर आली: डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड, दोन्हीकडे तोच मुहूर्त. ऑपरेटरने त्या दोन आजारी पोर्टांवर चिकटपट्टी लावली आणि पेनाने 'बंद' लिहिलं, एकदा कन्नड लिपीत आणि मालकांसाठी एकदा देवनागरीत. शब्द दोन्हीकडे तोच.